पडून असलेलं नाव

आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीवर हलक्या थापा मारल्या, आणि मग सरळ होत ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोरणा." क्षमाच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. ते पडलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला ह्याचंच नवल वाटत राहिलं. तिनं शेजारच्या बाईच्या ओंजळीत पळीभर घुगऱ्या घातल्या, तिच्या पुढचीच्या घातल्या, आणि कुणीतरी "किती वेगळं नाव गं" म्हणालं तेव्हा तीही मान हलवून हसली. तिची धाकटी जाऊ भार्गवी नव्या साडीत, बाळंतपणानं आलेल्या गोऱ्या थकव्यात, कौतुकानं सांगत होती, "पत्रिकेत 'मो' अक्षर निघालं. मोहिनी, मोनिका, मोक्षदा, सगळी नावं झाली लिहून. एकही मनात भरेना. शेवटी ह्यांनीच शोधून काढलं." दाराशी पुरुषांच्या घोळक्यात उभा असलेला तिचा नवरा अवधूत मान खाली घालून लाजल्यासारखा हसला. त्याच्या शेजारी त्याचा थोरला भाऊ मुकुल, म्हणजे क्षमाचा नवरा, घुगऱ्या चघळत होता. "चांगलंय की," तो म्हणाला. क्षमानं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काका झालेल्या माणसाचा साधा आनंद तेवढा होता. कारण त्याला माहीतच नव्हतं. ते नाव क्षमानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

भांडी आवरताना तिनं स्वतःला समजावून पाहिलं, की नाव काय, कुणालाही सुचू शकतं. पण हे नाव सुचणारं नव्हतं. ते तिला एसटीत सापडलं होतं. मुकुल तेव्हा कोयनानगरला प्रकल्पावर नोकरीला होता, तसा अजूनही होता, आणि ती दोघं तिथल्या कॉलनीत राहायची. पाचवा महिना असेल; ती कराडला डॉक्टरांकडे निघाली होती. पाटणच्या आसपास कुठंतरी एका पुलावर गाडी म्हशींसाठी थांबली. खाली दगडागोट्यांतून बारकं पाणी चाललं होतं, ऊन त्यात तुटून तुटून पडत होतं. शेजारी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तिनं उगाच विचारलं, "ही कुठली नदी हो?" "मोरना," बाई म्हणाली, "मोरगिरीकडनं येती. आता गरीब दिसती, पर पावसात बगा, लय माजती." आणि मग क्षमाच्या पोटाकडे बघून, जणू त्याच बोलण्याचा पुढचा भाग असावा तसं, "कितवा?" क्षमाला वाटलं, आत काहीतरी वळलं. गाडी सुटली. कराड येईपर्यंत तिनं मनातल्या मनात त्या न-चा ण केला होता आणि नाव पक्कं करून टाकलं होतं. मुलगी होणार हे ठरलेलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. मुकुलला सांगायचं नाही, त्याच्या पुढ्यात बाळ ठेवूनच सांगायचं, अशी गंमत तिनं योजली होती. कोयनानगरला जमीन अधूनमधून हलायची, मांडणीवरच्या कपबश्या किणकिणायच्या, आणि ती पोटावर हात ठेवून म्हणायची, काही नाही गं मोरणा, असं होतं इथं. मोठ्यानं नाही, ओठसुद्धा न हलवता.

दिवस भरायच्या खूप आधी जीपमधून तिला तातडीनं कराडला नेलं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तोवर सगळं होऊन गेलं होतं. मुलगी एक संध्याकाळभर जगली होती. क्षमानं तिला पाहिलं नाही. पाहिलं ते मुकुलनं, आणि कॉलनीत घरकामाला येणाऱ्या चंद्राबाईनं, जी त्या जीपमध्ये न विचारताच चढून बसली होती. मुकुल आणि त्याचा प्रकल्पावरचा सोबती नानासो, दोघं मिळून त्या मुलीला घेऊन गेले. कुठं नेलं, नदीकाठी की आणखी कुठं, ते मुकुलनं कधी सांगितलं नाही आणि क्षमानं विचारलं नाही. चंद्राबाई मात्र दुसऱ्या दिवशी पायाशी बसून तळवे चोळत म्हणाली होती, "रडू नगा आसं म्हननार न्हाई मी. लय देखनी हुती. क्यास ह्ये एवढं. आन् कपाळावर तुमच्यावानीच आठी." बस्स, एवढंच. मुलीचं म्हणून क्षमाकडे जे काही होतं ते चंद्राबाईच्या त्या वाक्यांत होतं. पुढं तिला सांगलीला सासरी आणलं, विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये. सासूबाईंनी विणून ठेवलेली टोपडी कुणाला तरी देऊन टाकली, आणि घरात त्या गोष्टीला "तेव्हाचं" असं नाव पडलं. तेव्हाचं अशक्तपण. तेव्हाचे डॉक्टर. ज्या मुलीचं बारसं झालं नाही, तिला आणखी काय म्हणणार?

अवधूतचं संगणक केंद्र होतं, कॉलेज कॉर्नरजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर. सोसायट्यांची, पतसंस्थांची पगारबिलं तिथं व्हायची. क्षमानं लग्नाआधी कराडला संगणकाचा डिप्लोमा केलेला. घरी बसून करणार काय, म्हणून अवधूतनंच बोलावून घेतलं. हे त्याचे उपकार होते, आणि तिनं ते कधी नाकारले नव्हते. तिथं एका दुपारी पगारबिलं छापली जात असताना, छपाईयंत्राच्या त्या करकर आवाजात, तिला एकदम जाणवलं की चंद्राबाईचं वाक्य आपल्याला नीट आठवत नाही. केस "एवढं" म्हणताना तिनं हात कुठं लावला होता, मानेला की कानाला? तिनं नवी फाईल उघडली, ऑगस्टचं दुसरं पगारबिल असल्यासारखं तिला नाव दिलं, आणि आठवत होतं तेवढं मराठीत उतरवून काढलं. मग ती रोज थोडं थोडं लिहू लागली. मुलगी गेल्यावरही छातीत दूध आलं होतं, नर्सनं घट्ट फडकं बांधलं होतं, ते. रस्त्यात दुसऱ्याचं बाळ रडलं की ब्लाउज ओला व्हायचा, ते. मुकुलचा राग यायचा, ते. आणि नाव. पहिल्यांदा डोळ्यांसमोर ते नाव तिनं त्या हिरव्या पडद्यावर पाहिलं तेव्हा तिला बारसं झाल्यासारखंच वाटलं होतं.

सोमवारी मुकुल पहाटेच्या गाडीनं कोयनानगरला गेला. त्याला ती काही बोलली नाही. केंद्रात गेली, पर्स ठेवली, आणि अवधूतच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. त्या टेबलाखालीच सर्व्हर होता. सगळ्या मशीनवर लिहिलेलं सगळं शेवटी तिथं जाऊन पडायचं. हे तिला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. तिनंच नवीन मुलींना ते समजावून दिलं होतं.

"भावजी, ते नाव कुठून काढलंत?"

अवधूत खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमच्या फाईलमध्ये होतं ना, वहिनी."

"तुम्ही माझी फाईल वाचलीत."

"वाचली म्हणजे... बॅकअप घेताना ऑगस्टची दोन बिलं दिसली. दुसरं कुठून आलं म्हणून उघडली. डोळ्याखालून गेलं एवढंच." त्यानं समोरचे कागद उगाच सारखे केले. "वाईट वाटलं फार. कुणाला बोललो नाही मी. भार्गवीलाही नाही. पण इथं 'मो'वरनं एक नाव मिळेना, आणि ते एवढं छान नाव नुसतंच पडून होतं. मला वाटलं, तुम्हाला बरंच वाटेल. वाया तर नाही ना गेलं."

डोळ्याखालून गेलं. फडकं त्याच्या डोळ्याखालून गेलं होतं, ब्लाउज गेला होता, त्याच्या भावाबद्दलचा तिचा राग गेला होता, आणि त्यानंतरही तो रोज सकाळी "वहिनी, चहा?" असं विचारत होता. तिला लाज वाटली, अंगभर. आपलं अंग कुणीतरी चोरून पाहिलं आणि वर पाहणारा सद्गृहस्थ निघाला, तर राग तरी कुणावर काढायचा? पण त्या लाजेच्या खाली, खोल, आणखी काहीतरी होतं आणि ते लाजेपेक्षा टणक होतं. एवढं सगळं वाचून त्याला उचलण्याजोगं एक नावच सापडलं होतं. बाकीचं त्यानं तिथंच राहू दिलं होतं.

"तुम्हाला पासवर्ड लावून देतो," अवधूत म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाबरला होता.

"तो तुम्हाला माहीत असेल?"

"म्हणजे, सुपरवायझर मी आहे. तुम्ही विसरलात तर काढून द्यायला..."

"म्हणजे असेल."

"मग बाहेर ठेवा. आता नेट आलंय. परदेशातल्या कंपन्या पेटी देतात आपल्याला, पत्रं ठेवा, काहीही ठेवा. फुकट. जगात कुठूनही उघडा."

"ती पेटी असते कुठं?"

"त्यांच्या मशीनवर."

"आणि त्यांचा सुपरवायझर?"

अवधूत हसला, खरंखुरं, मोकळं. "त्याला मराठी येत नाही, वहिनी!"

एरवी तीही हसली असती. पण तिच्या मनात आलं, आज येत नाही. आणि फुकट का देतात? जो दुसऱ्याचं सामान फुकट सांभाळतो, त्याला त्या सामानातलं काहीतरी हवं असणारच. आज नसेल तर पुढं. तिला घरातली वही आठवली. लग्नानंतर सुरुवातीला तिनं एक वही लिहिली होती. सासूबाईंनी धोब्याच्या कपड्यांचा हिशेब तिच्या मागच्या पानावर मांडला होता, अगदी सहज, कारण घरात वही म्हणजे सगळ्यांची वही. फ्लॉपी आठवली. फ्लॉपी उन्हानं जाते, धुळीनं जाते, आणि ती उघडायला शेवटी कुणाच्या तरी मशीनपाशीच जावं लागतं. प्रत्येक वेळी तेच. जागा दुसऱ्याची.

"ते बॅकअप पुसा," ती म्हणाली.

"त्याच फ्लॉप्यांवर सोसायट्यांची बिलं आहेत."

"ती दुसऱ्या फ्लॉप्यांवर घ्या, आणि ह्या माझ्यासमोर पुसा." तिनं खुर्ची ओढली आणि बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता. बाहेरच्या खोलीतल्या मुलींना वाटलं असेल की दोघं हिशेब बघतायत. अवधूतनं एक एक फ्लॉपी घातली, उतरवली, पुसली. सकाळ त्यातच गेली. शेवटी तिनं सर्व्हरवरची फाईल स्वतःच्या एका फ्लॉपीवर घेतली, मूळची स्वतःच्या हातानं पुसली, आणि कोपऱ्यात धूळ खात असलेल्या जुन्या मशीनकडे बोट दाखवलं. "ते मला हवंय."

"ते? ते आता कशाच्याच कामाचं नाही, वहिनी."

"मला हवंय."

त्यानं रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणलं. रिक्षात ठेवताना म्हणाला, "रागावलात का?" तिनं खरं ते सांगितलं. "हो." आणि मशीनचा पडदा मांडीवर घेऊन बसली.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "हे कुठलं धूड आणलंस? इथं पाय ठेवायला जागा नाही." स्वयंपाकघरामागं एक अंधारी खोली होती, त्यात सिलिंडर, पत्र्याच्या ट्रंका, पाण्याचा जुना पिंप. क्षमानं ट्रंका एकावर एक चढवल्या, पिंप बाल्कनीत काढला, आणि खिडकीखाली शिलाईच्या टेबलावर मशीन मांडलं. त्या आठवड्यात ती त्या खोलीत शिरली की घरातल्यांना वाटे, साफसफाई चाललीय. एका परीनं चाललीच होती. जुन्या मशीनवर जे काही होतं, कुठल्या कुठल्या पतसंस्थांच्या सभासदांची नावं, ते सगळं तिनं आधी पुसून टाकलं. केंद्रात एक इंग्रजी मासिक यायचं, त्यासोबत एक सीडी आली होती. लिनक्स नावाची एक प्रणाली त्यात होती, कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी, आत कशी चालते तेही उघडून बघावं. तिनं त्याबद्दल वाचलं तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट भरली होती: त्यात प्रत्येक माणसाला स्वतःची खोली असते, आणि दार लावलं की शेजारच्याला आत येता येत नाही. फक्त मशीनचा जो मालक, त्याला सगळ्या किल्ल्या. म्हणजे मालक व्हायला हवं. इतकं सरळ होतं ते.

शनिवारी मुकुल आला. पलंगाच्या कडेवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. तिनं दार लोटून घेतलं.

"मोरणा हे आपल्या मुलीचं नाव होतं."

त्याचे हात थांबले. "कुणी ठेवलं?"

"मी. आधीच. तुला बाळासकट सांगणार होते."

"मला नाही सांगितलंस." आणि मग, "अवधूतला सांगितलंस."

"त्याला मी सांगितलं नाही. त्यानं घेतलं." आणि तिनं सगळं सांगितलं, फाईल, बॅकअप, बाकीचं. फडक्याचं मात्र सांगितलं नाही. मुकुल उठला, एक बूट पायात आणि एक हातात, आणि दाराकडे निघाला. ती आडवी आली. "नको. भांडलास की सगळ्या घराला कळेल, काय काय लिहिलं होतं ते. एकदा वाचलं गेलं तेवढं पुरे."

"मग नुसतं सोडून द्यायचं?"

"सोडत नाहीये. जागा बदलतेय."

तो परत बसला. बाहेर सासूबाईंनी कुकर लावला होता, शिटीच्या आधीची ती सुरसुर भिंतीतून येत होती. "मला तू निदान नाव तरी सांगायचंस, क्षमा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की तिला दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हाही तिथं होता. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती त्याला अहो म्हणायची. कोयनानगरला एकदा रात्री जमीन हलली आणि दोघं अंगणात पळाली तेव्हा तिच्या तोंडून "अरे तू चप्पल तरी घाल" असं निघालं, आणि तेव्हापासून तो तू झाला. मग कराड झालं आणि तू राहिला, पण बोलायचं संपलं. "तूही मला एक गोष्ट सांगितली नाहीस," ती म्हणाली. "तिला कुठं नेलंत ती." मुकुलनं मान हलवली. सांगतो अशी नव्हे, सांगता येत नाही अशी. त्यावर तिला राग आला नाही. तिला एवढंच कळलं की त्याच्याजवळही एक बंद फाईल आहे, आणि ती कुणाच्याच सर्व्हरवर नाही म्हणून तेवढी बचावली.

प्रणाली बसता बसेना. सीडी त्या जुन्या मशीनला लागत नव्हती, म्हणून केंद्रात फावल्या वेळात ती फ्लॉप्यांवर उतरवून आणायची. घरी एकामागून एक घालायची, आणि मधलीच कुठली तरी खराब निघाली की पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येऊन सगळं थांबायचं. नाहीतर वीज जायची. पुन्हा पहिल्यापासून. पूर्वीची क्षमा इथं रडली असती. आता ती खराब फ्लॉपी बाजूला ठेवायची, दुसऱ्या दिवशी नवी करून आणायची. तिला ह्यात एक विचित्र सुख मिळू लागलं. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाचे आभार मानायचे नव्हते. अवधूतनं एकदा विचारलं, "मदत करू?" "नको," ती म्हणाली, आणि त्या नकोत कडवटपणा नव्हता, तिच्या लक्षात आलं की ती आता त्याच्या हातचा चहाही पुन्हा घेऊ लागली होती. पगारबिलं ती पूर्वीसारखीच चोख करत होती. तिथं बिलंच ठेवायची, एवढाच फरक पडला होता.

एका दुपारी भार्गवी बाळाला घेऊन त्या मागच्या खोलीच्या दारात आली. डोळे रडून सुजलेले. "अक्का, ह्यांनी काल सांगितलं मला. शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं. बदलूया आपण नाव. अजून कुठं कागदावर लागलेलं नाही."

क्षमानं ट्रंकेवरची धूळ झटकून तिला बसायला जागा केली. हे वाक्य तिनं किती वेळा मनात ऐकलं होतं, बदलूया आपण, आणि प्रत्येक वेळी तिनं मनात हो म्हटलं होतं. आता ते खरंच समोर आलं, तेव्हा बाळ भार्गवीच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होतं, लाळ गळत होती, आणि बारशापासून सगळं घर त्याला त्याच नावानं हाका मारत होतं. "नको," ती म्हणाली. "तिला आपण थोडंच विचारणार आहोत? तिला न विचारता काढून घेतलं तर मग मी तरी वेगळं काय केलं?"

"पण तुम्हाला रोज..."

"रोज लागेल. लागू दे." तिनं हात पुढं केले. बाळ तिच्याकडे आलं, जड, ओलं, दुधाचा आंबूस वास असलेलं. नाव घेऊन हाक मारायला तिची जीभ उचलली नाही त्या दिवशी. "इकडं बघ गं," एवढंच म्हणाली. भार्गवी भिंतीला डोकं टेकून रडत राहिली, आणि क्षमाला आश्चर्य वाटलं, की आपल्या मुलीसाठी ह्या घरात इतक्या उघडपणे रडलेली ही पहिलीच बाई.

शेवटी एका संध्याकाळी मशीन न अडखळता सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर नुसता एक पांढरा ठोकळा लुकलुकत उभा राहिला. पासवर्ड तिनं ठरवला. तो ती मनातसुद्धा भरभर म्हणायची. पण ह्या मशीनवर मराठी उमटत नव्हतं. केंद्रातल्या मशीनवर देवनागरी यायची, इथं नाही. फ्लॉपीवरची जुनी फाईल उघडली तर नुसता चिन्हांचा चिखल. सगळं पुन्हा लिहायला हवं होतं, इंग्रजी अक्षरांत. तिनं चंद्राबाईचं वाक्य लिहून पाहिलं आणि ते परक्या बाईच्या तोंडचं वाटलं. तिच्या मोरणाचा ण आणि एसटीतल्या बाईचा न एकच झाले. हे नुकसान होतं. ती ते नाकारत बसली नाही. अवधूतकडे देवनागरी होती आणि अवधूतही होता. इथं ती एकटी होती, आणि अक्षरं ओबडधोबड. तिनं ण आणि ळ साठी इंग्रजीतलं मोठं अक्षर, असा स्वतःपुरता नियम केला आणि लिहायला घेतलं. केस कुठपर्यंत होते, ते आता तिला खरंच आठवत नव्हतं, आणि तिनं तेही लिहिलं, की आठवत नाही.

सासूबाई एकदा चहाचा कप घेऊन आत आल्या, पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. "ह्यात लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणे."

"नाही."

"मलासुद्धा नाही?"

"तुम्हालासुद्धा नाही, आई."

सासूबाई दुखावल्या असतील असं तिला वाटलं. पण त्या पुढं झाल्या. मग पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, "बरंय," म्हणाल्या, आणि जाताना दार ओढून घेऊन गेल्या.

हिवाळा लागला होता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घर निजलं होतं, आणि मुकुल त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायचं की नाही हे न कळल्यासारखा, चौकटीला हात लावून.

"त्यात आणखी कुणाचं ठेवता येतं का?"

"कुणाचं?"

"माझं."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. केस कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते, कधी झाले? "येतं," ती म्हणाली. "तुझी वेगळी खोली करून देते. माझं तुला दिसणार नाही, तुझं दुसऱ्या कुणाला दिसणार नाही." तिची बोटं कळांवर गेली आणि थांबली. अवधूतचं ते टेबल तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि टेबलाच्या पलीकडं बसलेला तो भला माणूस. आता त्या खुर्चीत ती होती. न सांगताही चाललं असतं. मुकुलला ह्यातलं काही कळत नव्हतं. "एक सांगते आधी," ती म्हणाली. "मशीन माझं आहे. मनात आणलं तर मी तुझं उघडू शकते. मी उघडणार नाही. पण उघडता येतं, हे तुला माहीत असू दे. मग लिहायचं तर लिही."

मुकुल विचार करत उभा राहिला. तिनं घाई केली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"चालेल," तो म्हणाला.

तिनं त्याच्या नावानं जागा केली, उठली, खुर्ची त्याला दिली. "इथं पासवर्ड घाल. टाइप करताना दिसत नाही, पण होतं. दोनदा विचारेल." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागं कळा वाजल्या, चुकल्या, पुन्हा वाजल्या. मग तिनं त्याला लिहायचं कसं, साठवायचं कसं तेवढं दाखवलं. मराठी येत नाही, इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागेल, म्हणाली, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात तिनं चहाचं आधण ठेवलं. आतून आवाज येत होता, एका बोटानं शोधून शोधून दाबलेल्या कळेचा, मध्ये लांब थांबून. ती ओट्याला टेकून उभी राहिली. काय लिहितोय, कराडचं, नदीकाठचं, नानासोचं, की आणखी कशाचं, ह्याचा अंदाज बांधायचा नाही असं तिनं ठरवलं, आणि ठरवूनही थोडा बांधलाच. आधण उकळून आटायला लागलं. मग आवाज थांबला, खूप वेळ थांबला, आणि बंद दारातून मुकुलनं विचारलं,

"क्षमा, ळ कसा लिहायचा गं?"

"मोठा एल," ती म्हणाली. "एकदाच दाब."